चेंडू गोल, गोष्ट सपाट

जयपुरात खेळांची उतरंड ठरलेली आहे. सगळ्यात वर पोलो. तो पाहायला फारसं कोणी जात नाही, पण विषय निघाला की सांगणाऱ्याची आणि ऐकणाऱ्याची अशा दोन्ही माना ताठ होतात. 1933 साली महाराजा सवाई मानसिंग आपला संघ आणि घोडे घेऊन इंग्लंडला गेले आणि तिथल्या मोसमातल्या स्पर्धा ओळीनं जिंकून आले, ही हकीकत मला इथे रिक्षावाल्याकडूनही ऐकायला मिळाली आहे. सांगण्याचा थाट असा, की बोटीवर घोड्यांना चंदी त्यानंच घातली होती. पोलोखाली क्रिकेट. त्याच महाराजांच्या नावाचं स्टेडियम, 2008 सालचं पहिलं आयपीएल आणि ते जिंकून देणारा शेन वॉर्न, एवढ्या भांडवलावर इथली माणसं अजून दिवस काढतात. मग कबड्डी, कारण पिंक पँथर्सचा मालक बच्चनांचा मुलगा. मग पतंग. संक्रांतीला सगळं शहर गच्चीवर असतं आणि गृहस्थाश्रमातली भारदस्त माणसं 'वो काटा' म्हणून किंचाळत असतात. त्यानंतर फुटबॉलचा नंबर लागायला हरकत नाही, पण तेवढ्यात कोणाला तरी कॅरम आठवतो.

आणि मी कोल्हापूरचा. त्यातही शिवाजी पेठेतला. आमच्याकडे कुस्तीसाठी निघालेल्या तालमी फुटबॉल खेळतात. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ ही नावं पोराला बाराखडीच्या आधी येतात आणि त्यातल्या कुठल्या नावाला छाती फुगवायची नि कुठल्या नावाला नाक मुरडायचं, हे पाळण्यातच ठरून जातं. शाहू स्टेडियमवर मोठा सामना असला की पेठेतल्या दुकानांच्या फळ्या दुपारीच पडतात. माझे थोरले चुलते, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, पायरीवर बसून चालू सामन्यात खेळाडूला विचारायचे, "पायात काय हाय रं, लाकूड?" खेळाडूही पळता पळता उत्तर द्यायचा. ते उत्तर इथे छापता येण्यासारखं नाही.

अशा माणसाची बँकेनं जयपूरला बदली केली. घर चांगलं मिळालं, पाणी वेळेवर यायचं, कचोरी उत्तम. शेजारी एक जौहरी राहायचे. जौहरी बाजारात त्यांच्या तीन पिढ्या पन्ने पारखत बसल्या होत्या. त्यांना सगळे जौहरीजी म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. माणूस लाखात एक. फक्त एक खोड होती, मी मराठी असल्याची आठवण ते मला इतिहासातून करून द्यायचे. जुन्या शहरातून जाताना ईसरलाट या मनोऱ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "भाईसाब, 1747 में राजमहल की लड़ाई जीते थे, उसकी याद में है. सामने आपवाले भी थे." मी मान डोलवायचो. मल्हारराव होळकरांच्या 1750 च्या परतीच्या फेरीबद्दल आम्ही दोघंही बोलत नसू. शेजारधर्म म्हणून काही असतोच.

जौहरीजींचं फुटबॉलबद्दलचं मत एका वाक्यात मावायचं: "एक गेंद के पीछे बाईस जने? दूजी मँगवा लो." मी त्यांना बाटवायचं ठरवलं आणि त्यासाठी संधी चालून आली ती 2007 साली.

त्या सालचा पावसाळा आठवून पाहा. 10 ऑगस्टला 'चक दे! इंडिया' आला आणि देशात जिला कुत्रं विचारत नव्हतं त्या हॉकीसाठी माणसं थिएटरात उभी राहून रडू लागली. 29 ऑगस्टला दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर भारतानं सीरियाला 1-0 असं हरवून नेहरू कप जिंकला, गोल एन. पी. प्रदीपचा. 24 सप्टेंबरला धोनीच्या पोरांनी जोहान्सबर्गला पाकिस्तानला हरवून ट्वेंटी-20 विश्वचषक आणला. यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या विजयाबद्दल आमच्या गल्लीत मिठाई वाटली गेली. पहिला विजय पडद्यावरचा होता, तरी वाटली गेली. मधला विजय मी एकट्यानं, बायकोकडून एक जादा लाडू मागून घेऊन साजरा केला. "कशाबद्दल?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "सीरिया." तिनं लाडू दिला, पण बराच वेळ माझ्याकडे काळजीनं पाहत राहिली.

तर अशा हवेत 23 नोव्हेंबरला 'धन धना धन गोल' प्रदर्शित झाला. दिग्दर्शक विवेक अग्निहोत्री, संगीत प्रीतम, नायक जॉन अब्राहम. जॉन हा फुटबॉलचा खरोखरचा वेडा माणूस. पुढे आयएसएलमध्ये नॉर्थईस्ट युनायटेड या संघाच्या मालकांत तो होता. सोबत अर्शद वारसी, बोमन इराणी, बिपाशा बासू. हिंदीत व्यावसायिक क्लब फुटबॉलवर, क्लबच्या मैदानावर, क्लबच्या पैशांच्या चणचणीवर कोणी इतका खर्च करून चित्रपट काढतोय, याचा मला इतका आनंद झाला की जौहरीजींची तिकिटं मीच काढली. हॉकीला जर एका चित्रपटानं इतकं दिलं, तर फुटबॉलला निदान जयपुरात कॅरमच्या वर नेऊन ठेवायला काय हरकत होती?

तिकिटं मात्र राजमंदिरची नव्हती, शहराबाहेर नव्यानं झालेल्या एका मल्टिप्लेक्सची होती. इथे थोडं थांबून राजमंदिरबद्दल सांगायला हवं. पाच बत्तीजवळचं हे थिएटर 1 जून 1976 ला 'चरस' लावून सुरू झालं. त्याआधी दहा वर्षं ते बांधत होते. आत गेलं की छतावरच्या लाटांवर दिव्यांचे रंग बदलत असतात, जिने असे की उतरताना आपली वरात निघाली आहे असं वाटावं, आणि तिकिटाच्या वर्गांना पर्ल, रूबी, एमराल्ड, डायमंड अशी नावं. शहर कोणाचं आहे हे तिकिटाच्या खिडकीवरच कळतं. आणि हे सगळं रेखाटणारे वास्तुविशारद कोण? वामन नामजोशी! मुंबईच्या लिबर्टी थिएटरच्या अंतर्भागाच्या सजावटीतही ज्यांचा हात होता, ते नामजोशी. जौहरीजी ईसरलाटेवर आले की मी नामजोशींवर येतो.

राजमंदिरचा खरा गुण असा, की तिथे वाईट चित्रपट वाईट वाटत नाही. कंटाळा आला तर छताकडे पाहावं, भिंतीवरची नक्षी पाहावी, पैसे वसूल. नामजोशींनी ही सोय जाणूनबुजून केली असणार. सिनेमाच्या धंद्यातला माणूस होता तो, त्याला पुढचं दिसत होतं. मल्टिप्लेक्सचं छत काळं असतं. तिथे पडद्याशिवाय पाहायला काही नसतं. प्रेक्षकाच्या सुटकेच्या सगळ्या वाटा बंद.

मध्यंतराच्या आधीच पॉपकॉर्न घ्यायचे ठरले. पैसे देण्यावरून आमची ओढाताण झाली, तेव्हा जौहरीजी मोठ्यानं म्हणाले, "रहने दो भाईसाब. जयपूर ने मराठों को चौथ दी है, पॉपकॉर्न क्या चीज़ है." रांगेतल्या लोकांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी पॉपकॉर्न घेतले. खंडणी नाकारण्याची आमच्यात पद्धत नाही.

आता गोष्ट. लंडनच्या साउथॉल भागात देशी माणसांचा साउथॉल युनायटेड नावाचा क्लब आहे. मैदानाचा भाडेकरार संपतोय. पैसे भरा, नाहीतर मैदान सोडा. संघाची अवस्था अशी, की प्रतिस्पर्धी त्यांच्याविरुद्ध खेळायला सुटीच्या दिवशी हौसेनं येत असावेत. कप्तान शान म्हणजे अर्शद वारसी हा टोनी सिंगला, म्हणजे बोमन इराणीला, प्रशिक्षक म्हणून उभा करतो. टोनी जाऊन सनी भसीनला आणतो. सनी म्हणजे जॉन. सनीला गोऱ्यांच्या क्लबात कातडीच्या रंगामुळे जागा मिळालेली नाही, आणि देशी माणसांचा त्याला तिटकारा आहे. शानची बहीण रुमाना म्हणजे बिपाशा. तिच्यामुळे तिटकारा कमी होतो. मग जॉनी बक्षी नावाचा गोड बोलणारा समालोचक, म्हणजे दलिप ताहिल, सनीला श्रीमंत क्लबाचा मोह घालतो. सनी मोहात पडतो. मग मोहातून उठतो. मग शेवटचा सामना.

मैदानाचा प्रश्न पडद्यावर आला तेव्हा मी खुर्चीत पुढे सरकलो, कारण तो माझ्या टेबलावरचा विषय होता. अर्जदार: फुटबॉल क्लब. मालमत्ता: भाडेपट्ट्याची, तीही संपत आलेली. तारण: शून्य. परतफेडीचा मार्ग: लीग जिंकणे. हा प्रस्ताव घेऊन टोनी सिंग आमच्या शाखेत आला असता तर मी त्याला चहा पाजला असता आणि साहेबांकडे पाठवलं असतं. साहेबांनी त्याला पाणी दिलं असतं आणि माझ्याकडे पाठवलं असतं. तरीही सांगतो, अख्ख्या चित्रपटात तेवढीच एक गोष्ट मनापासून खरी होती. मैदान जाणार, ही भीती. आपल्याकडे कुठल्याही गावात मुलाला विचारा, फुटबॉल का सोडलास? तो गुडघ्याचं नाव घेणार नाही. तिथे आता मंगल कार्यालय झालंय, असं सांगेल. जौहरीजीही तेवढ्यापुरते हेलावले. "लंदन में भी निगमवाले हैं?" त्यांनी खेदानं विचारलं.

बाकी मात्र अवघड होत गेलं. माझी तक्रार कथेच्या साचेबद्धपणाबद्दल नव्हती. हरणाऱ्या संघाला पडलेला प्रशिक्षक भेटतो आणि दोघं मिळून उठतात, ही गोष्ट 'चक दे'नं तीनच महिन्यांपूर्वी सांगितली होती आणि आम्ही रडलो होतो. आपल्याला साच्याचा राग नसतो. मोदकसुद्धा साच्यातून येतात. मला राग आला तो फुटबॉलच्या फुटबॉलपणाला कात्री लावल्याचा. आणि हा एकट्या 'धन धना धन गोल'चा गुन्हा नाही, बहुतेक फुटबॉलपटांचा आहे.

चित्रपटातल्या फुटबॉलमध्ये चेंडू सहसा बाहेर जात नाही. थ्रो-इन नाही. गोलकीपर गोलकिकच्या आधी बूट साफ करत वेळ काढत नाही. कोणी मागे पास देत नाही, कारण मागे जाणारा चेंडू पार्श्वसंगीताला परवडत नाही. नायकाकडे चेंडू आला की समोरचे बचावपटू एकेक करून, रांग न मोडता, जमिनीवर झोपायला येतात. प्रतिस्पर्ध्यांचा गोलकीपर उडी मारतो ती कथेनं सांगितलेल्या बाजूला. संघात अकरा माणसं असतात, पण नावं चौघांना. उरलेले सात जण गोल झाल्यावर नायकाच्या अंगावर पडण्यासाठी पगारावर असतात. शेवटचं मिनिट इतकं लांबतं, की त्यात खऱ्या सामन्याचा एक अर्धा उरकला असता. आणि समालोचक आपल्याला डोळ्यांनी दिसत असलेली गोष्ट पुन्हा तोंडानं सांगतो, वर नायकाच्या मनात काय चाललंय तेही सांगतो. आण्णा असते तर पडद्याला म्हणाले असते, "आम्ही काय आंधळं हाय व्हय?"

मध्ये 'बिल्लो रानी' आलं. थिएटरात पहिल्यांदाच जान आली. बायको म्हणाली, "हे चांगलं आहे." जौहरीजी पायानं ठेका धरू लागले. क्लबचं भवितव्य टांगणीला लागलेलं असताना संघाचा इतका फिटनेस नाचावर खर्च व्हावा, याचं वाईट मला एकट्यालाच वाटत होतं.

शेवट कळलेलाच होता. तो जसा यायला हवा तसाच, अंगातून घाम निथळवत, हळूहळू आला. दिवे लागले. मी जौहरीजींकडे आशेनं पाहिलं. खड्याला भिंग लावून चीर शोधावी तसं त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "लड़का सुंदर है." एवढं म्हणून ते पार्किंगच्या चिठ्ठ्या शोधायला लागले. फुटबॉलबद्दल एक शब्द नाही. तिकिटांचे पैसे, शहराच्या टोकापर्यंतचं पेट्रोल आणि माझं मिशनरी कार्य, सगळं बुडीत खात्यात.

त्यानंतर बरीच वर्षं मी या प्रश्नाचा अधूनमधून विचार करत राहिलो. बँकेत दुपारच्या वेळी विचाराला वाव असतो. आपल्याकडे फुटबॉलचे चित्रपट असे का होतात? हात तर अनेकांनी लावून पाहिला आहे. 1984 सालचा 'हिप हिप हुर्रे' हा प्रकाश झांचा पहिला कथापट. रांचीच्या शाळेतला संघ, राज किरण, दीप्ती नवल, लेखणी गुलजारांची. गोड चित्रपट, पण तो फुटबॉलपेक्षा शाळेचा. पुढच्याच वर्षी आला 'साहेब'. त्यात अनिल कपूर गोलकीपर आहे आणि बहिणीच्या लग्नासाठी तो किडनी विकतो. कोल्हापुरात तो पाहून बाहेर पडताना सगळ्या बायकांचे डोळे सुजलेले होते. आण्णा तेवढे विचारात पडले होते. घराजवळ आल्यावर म्हणाले, "गोलकीपरच हाय न्हवं? त्याला कुठं पळायचंय? जमंल एकीवर."

परदेशी मंडळींनाही हे दुखणं चुकलेलं नाही. 1981 चा 'एस्केप टू व्हिक्टरी' घ्या. जॉन ह्यूस्टनसारखा दिग्दर्शक, मायकेल केन, आणि संघात खुद्द पेले, बॉबी मूर, ओसवाल्डो आर्डिलेस. इतकी माणसं असल्यावर गोलकीपर म्हणून कोणाला घ्यावं? सिल्व्हेस्टर स्टॅलनला! तरीही मला त्या चित्रपटाबद्दल आदर आहे, कारण युद्धकैदी आणि जर्मन यांच्यातला तो सामना 4-4 असा बरोबरीत सुटतो. बरोबरी! सिनेमात! अर्थात नुसती बरोबरी प्रेक्षकाला पचणार नाही, हे निर्मात्यांना ठाऊक होतं. म्हणून पाठोपाठ गर्दी मैदानात घुसते आणि तिच्या आडोशानं कैदी पळून जातात. एका बरोबरीची भरपाई करायला एवढं दुसरं महायुद्ध खर्ची घालावं लागलं.

मग 2024 मध्ये 'मैदान' आला. अजय देवगण हे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम, विषय 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेचं सुवर्णपदक. इथे इतिहासानंच पटकथा लिहून ठेवली होती. पहिल्याच सामन्यात भारत दक्षिण कोरियाकडून 2-0 असा हरला. इस्राएल आणि तैवानला वगळल्याबद्दल भारताच्या गुरुदत्त सोंधींनी निषेध केला होता, म्हणून यजमान प्रेक्षक आपल्या खेळाडूंवर खवळलेले. बचावपटू जर्नेल सिंगच्या डोक्याला टाके. त्याला रहीमसाहेबांनी पुढच्या फळीत उतरवलं. 4 सप्टेंबरला अंतिम फेरीत समोर पुन्हा दक्षिण कोरिया, आणि भारत 2-1. गोल पी. के. बॅनर्जींचा आणि त्याच टाके घातलेल्या जर्नेलचा. यातला एक प्रसंग जरी लेखकानं मनानं रचला असता तर समीक्षकांनी त्याला घरी पाठवलं असतं. चित्रपटाच्या वाट्याला मात्र काय आलं? मढ बेटावर उभारलेलं मैदान 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळानं उडवून नेलं, आणि तीन तासांचा तो चित्रपट अखेर लागला तेव्हा प्रेक्षक दुसरीकडे होते. चांगला चित्रपट होता. मी पाहिला तेव्हा थिएटरात खुर्च्या इतक्या मोकळ्या होत्या, की मनात आणलं असतं तर आत सराव घेता आला असता.

एकाला मात्र हे गणित थोडं सुटलं, आणि तो आपला माणूस. नागराज मंजुळे. नागपूरच्या विजय बारसेंच्या कामावरून केलेल्या 'झुंड'मध्ये वस्तीतली पोरं आणि कॉलेजची पोरं यांचा सामना मध्यंतराच्या सुमारास आटोपतो. पुढचा खेळ पासपोर्टचा, ओळखपत्राचा, व्हिसाचा. सरकारी कागद हा सगळ्यात चिवट बचावपटू असतो, हे नागराजला माहीत होतं. बँकेतल्या माणसाला हे आतून पटतं.

या सगळ्यातून मी ज्या निष्कर्षाला आलो तो असा. दोष दिग्दर्शकांचा नाही, खेळाचा आहे. फुटबॉलमध्ये बहुतेक वेळ काहीच घडत नाही. 2022 चा कतारचा विश्वचषक घ्या. मेस्सी, एम्बापे, जगातले उत्तमोत्तम पाय. 64 सामन्यांत 172 गोल. म्हणजे एका सामन्याला तीनसुद्धा नाहीत. उरलेल्या वेळात माणसं पळतात, अडखळतात, एकमेकांच्या आईची चौकशी करतात, आणि चेंडू खांबाला लागून परत येतो. फुटबॉलचा शौकीन या 'न घडण्या'साठीच जातो. क्रिकेटमध्ये दर चेंडूला काही ना काही जमाखर्च होतो. बँकेच्या माणसाला तो खेळ सोपा. फुटबॉलमध्ये दीड तास नुसती आवक-जावक, शिल्लक शून्य. आणि तरी माणूस घसा बसवून घरी येतो, पुढच्या रविवारी पुन्हा जातो. हिंदी चित्रपटाला हे कसं दाखवता येणार? तिकीट काढलेल्या माणसाला 'आज काही झालं नाही, पुढच्या शुक्रवारी या' असं सांगण्याची सोय निर्मात्याकडे नाही.

या हिशेबानं पाहिलं तर 'धन धना धन गोल'नं फुटबॉलशी बेइमानी केली ती गोल करून. पण दुसऱ्या बाजूनं तो इमानीही निघाला. आपण आशेनं गेलो, पैसे भरले, शेवटपर्यंत बसलो, काही मिळालं नाही, आणि बाहेर येऊन तासभर शिव्या दिल्या. कोल्हापुरात याला सामना पाहणं म्हणतात.

खरा फुटबॉल तोवर राजस्थानात आपल्या पायांनी चालत होता, फक्त कॅमेरा तिकडे नव्हता. बीकानेरच्या मगनसिंह राजवींची गोष्ट मला इथेच कळली. राजस्थानच्या सशस्त्र पोलीस दलाकडून खेळणारा हा आघाडीचा गडी 1970 च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत कांस्यपदक जिंकणाऱ्या संघात होता, पुढे भारताचा कप्तान झाला आणि 1973 चा अर्जुन पुरस्कार त्याला मिळाला. मी हे नाव जौहरीजींपुढे टाकलं, तेव्हा ते हातातला पन्ना खाली ठेवून म्हणाले, "आरएसीवाले मगनजी? मेरे पिताजी नाम लेते थे." तीन पिढ्यांच्या त्या गादीवर फुटबॉल कधीतरी येऊन बसला होता तर!

मग 2018 मध्ये राजस्थान युनायटेड हा क्लब निघाला. 20 ऑगस्ट 2022 ला या चार वर्षांच्या पोरानं ड्युरँड कपमध्ये, कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर, एटीके मोहन बागानला 3-2 असं हरवलं. मोहन बागानचा जन्म 1889 चा. निर्णायक गोल अगदी शेवटच्या क्षणी झाला. म्हणजे जो शेवट मी मल्टिप्लेक्समध्ये बसून 'असं कुठे होतं का' म्हणून झिडकारला होता, तोच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूधवाल्यापासून सुरुवात करून गल्लीभर सांगत सुटलो. "राजस्थान की टीम है?" लोक विचारायचे. "कहाँ खेलती है?" इथे माझी पंचाईत व्हायची, कारण त्या मोसमात आय-लीगमधले राजस्थानचे घरचे सामने दिल्लीत व्हायचे. साउथॉल युनायटेडचं मैदान निदान साउथॉलमध्ये तरी होतं.

जौहरीजींना खरा सामना दाखवायचा योग त्यानंतर आला. शहरातल्याच एका मैदानावर दोन स्थानिक संघ खेळणार होते. दोन्हींची नावं गल्लीबाहेर कोणाला माहीत नसतील. मैदानाच्या निम्म्या भागात गवत, निम्म्या भागात गवताची आठवण. प्रेक्षकांत खेळाडूंचे भाऊ, एक चहावाला आणि सावली शोधत आलेले दोन म्हातारे. "बैठना कितना है?" जौहरीजींनी विचारलं. दुकान पोरावर टाकून आले होते.

पहिली पंधरा मिनिटं त्यांनी फोन पाहिला. चेंडू एकदा भिंतीपलीकडे गेला आणि तो परत येईपर्यंत दोन्ही संघ, पंचांसह, शांतपणे उभे राहिले. एकानं तेवढ्यात बुटातला खडा काढला. मग लाल बनियनमधल्या एका हडकुळ्या पोरानं उजवीकडून मुसंडी मारली. दोघांना चकवलं. तिसरा आडवा आला, त्यालाही चकवलं. जौहरीजींचा फोन मांडीवर आला. पोरानं फटका मारला आणि चेंडू खांबाला लागून गोलकीपरच्या पाठीवर आपटला, तिथून आडव्या बारवर, तिथून बाहेर. जौहरीजी उभे राहिले होते. उभे राहिल्याचं त्यांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. दुसऱ्या अर्ध्यात ते माझ्या शेजारी नव्हतेच. रेषेपाशी जाऊन लाल संघाच्या प्रशिक्षकाला काही समजावत होते. पन्ने पारखणारा माणूस मोठमोठ्यानं 'अरे दे दे, बाएँ दे' म्हणून ओरडत होता. शेवटच्या मिनिटाला लाल संघाचा गोल झाला, जौहरीजींनी चहावाल्याला मिठी मारली, आणि पंचांनी बाजूच्या झेंड्याकडे पाहून तो गोल नाकारला. शिट्टी वाजली. शून्य-शून्य.

घरी येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. बायकोनं दार उघडून विचारलं, "किती गोल झाले?"

"एकही नाही," मी म्हटलं.

"मग इतका वेळ काय करत होता?"

"भाभीजी, एक हुआ था!" जौहरीजी उसळले. "पूरा हुआ था. रेफरी ने ऑफसाइड देकर खा लिया."

"ऑफसाइड म्हणजे काय?"

जौहरीजी क्षणभर थांबले. पायातले बूट काढून त्यांनी नीट जोडीनं ठेवले.

"वो तो मालूम नहीं, भाभीजी," ते म्हणाले, "पर था नहीं."